सातवी तुळई

ज्योतिबा सुतार तुळई वाजवतो आणि बायकोचं तोंड बघतो, ही गावातली ठरलेली थट्टा होती. लाकूड तासायच्या वाकसाच्या पाठीनं लाकडावर एक ठोका द्यायचा, थांबायचं, खाली बघायचं, मग पुढचा ठोका. खाली बनाबाई ढलप्या गोळा करत असायची. "साठी गाठली तरी गड्याचं डोळं निवंनात," असं लोक म्हणायचे. ज्योतिबा ते हसण्यावारी न्यायचा. हसण्यावारी नेण्यातच त्याचं हित होतं. खरं कारण फुटलं असतं तर एकाही घरानं त्याला शिडी लावू दिली नसती.

खरं कारण हे, की ज्योतिबाचे कान गेले होते. तीन वर्षांपूर्वी त्याला मोठा ताप आला. ताप उतरला आणि जाताना डावा कान घेऊन गेला. उजव्या कानात रातकिडे बसले ते बसलेच. माणसं मोठ्यानं बोलली की त्याचं भागायचं. म्हाताऱ्या माणसाला जरा कमी ऐकू येतं, एवढंच गाव समजून होतं. पण लाकूड काही कुणाच्या सोयीसाठी मोठ्यानं बोलत नाही. चांगलं लाकूड ठोक्याला खणखणीत वाजतं आणि आतून वाळवीनं खाल्लेलं बद्द वाजतं. वरून रंग तोच आणि शिराही त्याच. आतली गोष्ट फक्त आवाज सांगतो, आणि तो आवाज ऐकण्यावरच ज्योतिबाच्या बापाचं आणि आज्याचं नाव चाललं होतं.

मग बनाबाई त्याचा कान झाली. चाळीस वर्षं ती त्या ठोक्याखाली ढलप्या वेचत आली होती. कुठलं लाकूड काय म्हणतं हे तिला न शिकवता येत होतं. दोघांनी मिळून खूण ठरवली. बद्द वाजलं की तिनं पदर कमरेला खोचायचा. चांगलं वाजलं तर पदर आहे तसा राहू द्यायचा. काम करणाऱ्या बाईनं पदर खोचला तर त्यात कुणाला काय दिसणार? तीन वर्षं कुणाला काही दिसलं नाही.

किल्लारीच्या भूकंपाला वर्ष उलटलं होतं. भूकंप झाला तिकडं लांब, पण इकडं कृष्णाकाठच्या गावांतही माणसं मातीच्या माळवदाखाली झोपायला भिऊ लागली. ज्याला त्याला स्लॅब पाहिजे झाला. दारं सांगलीहून तयार येऊ लागली, खिडक्या लोखंडाच्या. ज्योतिबाकडं खाटेचे पाय आणि कोळप्याचे दांडे एवढंच काम उरलं. पुढं पुढं तेही सरलं.

अशात मार्गशीर्षात बाहुबली चौगुल्यांचं बोलावणं आलं.

चौगुले हे गावातले जैन शेतकरी. नदीकाठची हळद, उसाचा फड, घरात शिस्त. बाहुबलीआण्णांच्या अरिहंतचं लग्न माघात धरलं होतं. मुलगी इचलकरंजीची, नाव स्वप्नाली. नव्या जोडप्यासाठी माजघरावर माडी काढायची, असं आण्णांच्या मनात होतं. माजघरावर मातीचं माळवद होतं आणि ते सात तुळयांवर उभं होतं. त्या तुळया ज्योतिबाच्या बापानं घातल्या होत्या. माती उतरवायची, तुळया ठेवायच्या, त्यांवर फळ्या ठोकायच्या आणि वर माडी उभी करायची. अरिहंतला मात्र हे पसंत नव्हतं. तो सांगलीला शिकलेला, मनगटावर घड्याळ आणि खिशात कंत्राटदाराचं कार्ड.

माती उतरवायलाच चार दिवस गेले. हातभर जाडीची पांढरी माती बायकांनी पाट्या भरभरून खाली आणली. पांढऱ्या धुळीनं बनाबाईच्या भुवयासुद्धा पांढऱ्या झाल्या. पाचव्या दिवशी सातही तुळया उघड्या पडल्या आणि ज्योतिबा लाकडी घोडीवर चढला.

सगळं घर बघायला जमलं. आण्णा पोत्यावर बसले. त्यांची बायको प्रभावतीवैनी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभी राहिली, गुडघा धरून. अरिहंत घोडीशेजारी आला आणि मोठ्यानं म्हणाला, "काका, माझं एक ऐका. ह्या सातातली एक बाद निघाली तर चालंल. नवी घालू. पण दुसरी निघाली तर मी काय ऐकणार न्हाई. समदं पाडायचं आणि स्लॅब टाकायचा."

ज्योतिबानं आण्णांकडं बघितलं. आण्णांनी मान हलवली. म्हणजे त्यांचंही तेच होतं.

पहिली तुळई खणखणीत वाजली आणि दुसरीही तशीच. तिसरीला भिंतीकडच्या टोकाला ठोका पडला आणि बनाबाईनं कमरेला पदर खोचला.

"हितं खाल्लंय," ज्योतिबा वरून म्हणाला. त्यानं पटाशी घातली. भुगा सांडला आणि त्याबरोबर पांढुरके, मऊ किडे पटापटा खाली पडले.

"मारू नगा रं कुनी!" प्रभावतीवैनी गुडघा विसरून पुढं आली. ती चुलीत सरपण घालतानासुद्धा लाकूड आधी जमिनीवर आपटून, त्यातला जीव झाडून घ्यायची. तिनं सूप आणलं, त्यावर केळीचं पान घातलं आणि बोटांनी हळूहळू किडे त्यावर घेतले. "बना, हे बांधावर सोडून ये. आणि ती तुळई फोडून चुलीत घालू नगा. बांधाला टेकून ठेवा. खाऊ दे त्यास्नी."

"आई, हळदीला आपण पंपानं औषध मारतो, ते कुणाला मारतो गं?" अरिहंत हसून म्हणाला.

"शेतातलं पाप मला दिसत न्हाई. घरातलं दिसतंय," वैनी म्हणाली आणि सूप बनाबाईच्या हातात दिलं.

बनाबाई बांधावरून परत आली. चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक ठोक्याला ती ढलप्या वेचायची थांबायची आणि आवाज खणखणीत आला की पुन्हा वेचू लागायची. आता एकच राहिली. सातवी तुळई न्हाणीच्या भिंतीला लागून होती. त्या भिंतीला वर्षानुवर्षं ओल.

ज्योतिबानं ठोका दिला.

बद्द.

भरल्या पोत्यावर काठी मारावी तसा आवाज. त्यानं हातभर पुढं सरकून दुसरा ठोका दिला. तोही बद्द. मग तो थांबला आणि नेहमीसारखं खाली बघितलं.

बनाबाईचा हात पदराशी गेला होता. काठ तिच्या बोटांत होता. आणि नेमकं त्या वेळी तिला मागच्या उन्हाळ्यातली एक दुपार आठवली. ज्योतिबा घराच्या पुढच्या सोप्यात बसून एका सागवानी फळकुटाला रंधा मारत होता. काय करतोय म्हणून तिनं विचारलं तर काही नाही म्हणाला. त्याला काही करायचंच नव्हतं. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत तो रंधा मारत राहिला आणि शेवटी ते फळकूट संपलं. सगळ्या ढलप्या झाल्या. मग तो त्या ढलप्यांकडं बघत बसला. त्या दिवशी बनाबाईला नवऱ्याची जेवढी कीव आली तेवढी तापातसुद्धा आली नव्हती.

तिनं पदर सोडला. वाकून ती ढलप्या वेचायला लागली.

"खणखणीत!" ज्योतिबा वरून ओरडला. कान गेलेला माणूस ओरडतो तसा, गरजेपेक्षा मोठ्यानं. "आण्णा, बानं घातलेली तुळई हाय. अजून दोन पिढ्या बघंल!"

प्रभावतीवैनीनं हात जोडले. आण्णा पोत्यावरून उठले. अरिहंतनं हातात काढून धरलेलं कार्ड परत खिशात घातलं. खोटं कधी कधी सगळ्यांच्याच सोयीचं असतं, तेव्हा त्याला कोणी उलटून विचारत नाही.

दुसऱ्या दिवसापासून काम लागलं. बैलगाडीनं लाकूड आलं. तिसरी तुळई बदलली. ज्योतिबा उजाडताच घोडीवर बसायचा. रंध्यातून लांब लांब, न तुटणाऱ्या ढलप्या निघायच्या. फळीला फळी अशी बसवायचा की मध्ये केस जाऊ नये. त्याचे खांदे पुन्हा रुंद दिसायला लागले. दुपारची भाकरी तो दोन घास जास्त खायचा. चौगुल्यांच्या घरी सूर्य मावळायच्या आत जेवणं उरकायची, तेव्हा वैनी या दोघांनाही बसवायची आणि ज्योतिबाच्या ताटात परत परत आमटी वाढायची. "जेवा. माझ्या सुनंचं घर बांधताय," म्हणायची. जिना, कठडा आणि दोन दारांचं कामही आण्णांनी त्यालाच सांगितलं. बनाबाईनं नवऱ्याला असं बघितलं त्याला किती तरी वर्षं झाली होती. तिला आनंद व्हायचा, आणि त्या आनंदानंच ती आतून कुरतडली जायची.

कारण रोज सकाळी सातव्या तुळईखाली भुग्याची बारीक रेघ पडलेली असायची. ती सगळ्यांच्या आधी यायची आणि ती रेघ झाडून काढायची. न्हाणीच्या भिंतीवरून मातीची एक बारीक वाट वर चढत होती, करंगळीएवढी. ती नखानं खरवडायची. दुसऱ्या दिवशी वाट पुन्हा तिथंच. एकदा तिनं घरून बाटलीतून रॉकेल आणलं. घोडीवर चढून चिंधीनं तुळईच्या भेगेत पिळलं. भेगेत थोडा वेळ काहीतरी हललं आणि थांबलं.

"रॉकेलचा वास येतोय गं," प्रभावतीवैनी आत येऊन म्हणाली.

"कंदील सांडला वो, वैनी."

"दिवसा कंदील?"

"काच पुसत हुती."

 भिंतीला धरत वैनी खाली बसली आणि गुडघे चोळायला लागली. "जिना चढणं माझ्यानं हुयाचं न्हाई आता. पोरं वर ऱ्हातील. मी हितंच गादी टाकनार बघ," तिनं हातानं जागा दाखवली. "न्हाणी जवळ पडती. उठा-बसायचं दुखणं लय वंगाळ, बना."

ती जागा सातव्या तुळईच्या बरोबर खाली होती.

त्या दुपारी चिंचेखाली भाकरी खाताना बनाबाई नवऱ्याच्या उजव्या बाजूला बसली. त्याच्या कानाशी तोंड नेऊन म्हणाली, "आवं, त्या सातवीला एक टेकू द्यावा का?"

"कशाला?"

"असंच. ओल हाय भितीला."

ज्योतिबानं कांदा बुक्कीनं फोडला. "ओल हाय तर हाय. लाकूड चांगलं हाय न्हवं? तूच ऐकलीस की." मग हसून म्हणाला, "तू ऐकल्यावर मला काय भ्या?"

तिनं हातातली भाकरी खाली ठेवली. आता सांगावं, असं तिला वाटलं. सांगितलं तर काम जाणार होतं, आणि त्याहून वाईट म्हणजे हे शेवटचं वाक्य जाणार होतं. तिनं त्याच्या भाकरीवर चटणी वाढली. त्याचा विश्वास हाच तिच्या पायातला खोडा झाला होता.

पौषात एका सकाळी इचलकरंजीची मंडळी घर बघायला आली. नवरी स्वप्नाली, तिची आई, मामा आणि आणखी चारपाच जण. फळ्या ठोकून झाल्या होत्या, जिना बसला होता, फक्त वर छप्पर पडायचं बाकी होतं. आण्णांनी सगळ्यांना कौतुकानं वर नेलं. अरिहंतही आता स्लॅबचं नाव काढत नव्हता. "काकांचं काम बघा. एक फट दाखवा," असं तो मामाला सांगत होता. ज्योतिबा नवं धोतर नेसून जिन्याच्या वरच्या तोंडाशी उभा होता. लोक बोलत होते त्यातलं त्याला निम्मं कळत नव्हतं, पण कौतुक चाललंय हे त्याला तोंडांवरून दिसत होतं.

खाली माजघरात प्रभावतीवैनी पाहुण्यांच्या पोह्यांसाठी सतरंजी अंथरत होती. तिनं ती सातव्या तुळईखालीच अंथरली, कारण तिथली जमीन सकाळीच सारवून वाळली होती. बनाबाई कोपऱ्यात केरसुणी घेऊन उभी होती.

वर नऊ माणसं फिरत होती. हसण्याचा आवाज आला. कुणीतरी कौतुकानं फळीवर पाय आपटून बघितला.

कर्र.

बारीक आवाज. वरच्यांना ऐकू गेला नाही, वैनीला गेला नाही. बनाबाईला गेला. तिनं वर बघितलं. तुळईच्या पोटातून पिठासारखा भुगा खाली येत होता आणि वैनीच्या पांढऱ्या केसांवर पडत होता. वैनी सतरंजीची घडी सरळ करत होती.

पुन्हा कर्र.

बनाबाईनं केरसुणी टाकली. वैनीचा दंड धरून तिला एवढ्या जोरात ओढलं की वैनी उंबऱ्यावर कोसळली. मग जिन्याखाली येऊन ती ओरडली, "खाली उतरा! समदी खाली उतरा! तुळई चाललीया!"

वरची मंडळी थबकली. कुणाला काही कळेना. "काय वरडतीया ही बाई?" मामा म्हणाला. ज्योतिबाचा डावा कान जिन्याकडं होता, त्याला ओरडणं ऐकू आलं नव्हतं. पण सगळ्यांची तोंडं एकदम वळलेली त्यानं बघितली, म्हणून त्यानं खाली बघितलं.

खाली बनाबाई उभी होती. तिचा पदर कमरेला खोचलेला होता.

ज्योतिबाचं तोंड उतरलं. काही न विचारता त्यानं स्वप्नालीचा हात धरला आणि तिला जिन्यावर घेतलं. मग तिची आई, मग बाकीचे. "भितीकडंनं या, भितीकडंनं. उड्या मारू नगा." एकेकाला त्यानं उतरवलं आणि सगळ्यांत शेवटी आपण उतरला.

खाली येऊन त्यानं घोडी ओढली, चढला आणि सातव्या तुळईत पटाशी मारली. पटाशी मुठीपर्यंत आत गेली. त्यानं ती पिळली तशी वीतभर ढलपी सुटून खाली पडली. आत लाकूड नव्हतंच. मातीची पोकळी, जाळ्या, आणि त्यातून पांढरे किडे सतरंजीवर सांडायला लागले. रॉकेलचा जुना वास सुटला.

 मग मामा म्हणाला, "ह्याच्यावर आमची पोरगी नांदवणार हुता व्हय?"

आण्णांची मान खाली गेली. भर पाहुण्यांत त्यांना कधी असं ऐकून घ्यावं लागलं नव्हतं. त्यांनी ज्योतिबाकडं बघून मोठ्यानं विचारलं. "ज्योतिबा, तूच वाजवून सांगितलंवतंस की रं."

"व्हय, आण्णा."

"मग?"

ज्योतिबानं बनाबाईकडं बघितलं. रागानं नाही. लाकडाची शीर कुठून कुठं गेली हे बघावं तसं बघितलं.  ज्योतिबा घोडीवरून उतरला. पटाशी पुसून पिशवीत ठेवली.

"मला ऐकू येत न्हाई, आण्णा," तो म्हणाला. "तीन वरसं झाली. लाकूड काय बोलतंय ते मला कळत न्हाई."

"काय?" अरिहंत म्हणाला. तो ज्योतिबाच्या मागं गेला आणि त्याच्या डाव्या कानामागं त्यानं टाळी वाजवली. ज्योतिबा हलला नाही. त्यानं आणखी जवळ जाऊन टाळी वाजवली. पाहुण्यांतलं कुणीतरी फिसकन हसलं. साठी गाठलेला माणूस, ज्याच्या बापानं ते घर उभं केलं, तो माजघराच्या मध्ये नवं धोतर नेसून उभा होता आणि त्याच्या मागं टाळ्या वाजत होत्या. हे त्याला ठाऊकही नव्हतं.

"पुरं कर, अरिहंत!" प्रभावतीवैनी उंबऱ्यावरून म्हणाली. तिचा गुडघा सुजायला लागला होता. तिनं बनाबाईला जवळ बोलावलं, तिचा हात हातात घेतला. "तू वरडलीस म्हणून वाचलो गं सगळी. तुझं उपकार हायत."

त्या वेळी सांगितलं असतं तर सांगून झालं असतं. बनाबाईच्या ओठांवर आलंही होतं, की वैनी, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. पण वैनीनं तिचा हात असा धरला होता की ती रडायला लागली. रडणाऱ्या बाईला कुणी काही विचारत नाही. सगळ्यांना वाटलं, ती नवऱ्यासाठी रडते आहे. ते खोटंही नव्हतं.

घरी जाताना हळदीच्या शेतांमधल्या रस्त्यानं दोघं चालले होते. हत्यारांची पिशवी ज्योतिबाच्या खांद्यावर होती. आत वाकस आणि पटाशी एकमेकांवर आपटत होती. तो आवाज फक्त बनाबाईलाच ऐकू येत होता. वळणावर ज्योतिबा बोलला.

"तुझंबी कान गेलं म्हणायचं."

ती चालता चालता थांबली.

"अगं, असंच हुतंय," तो समजूत घालत म्हणाला. "आदी बारीक आवाज जात्यात. मोठं येत्यात. माझंबी तसंच झालतं. कर्र वाजलं ते तुला ऐकू आलं, कारण ते मोठं हुतं. त्या दिवशीचा ठोका बारीक. न्हाई आलं ऐकू. तुझा काय दोष त्यात?" त्यानं तिच्या पाठीवर हात ठेवला. "लोकांस्नी मी माझंच सांगितलं. तुझं कशाला सांगायचं? बाईमाणसाला हसत्यात."

बनाबाई त्याच्या डाव्या बाजूला होती. "मी ऐकलं हुतं वो," ती म्हणाली. "मी ऐकलं हुतं. तुमचं काम जाईल म्हणून म्या पदर खोचला न्हाई."

ज्योतिबा पुढं बघत चालत होता. मग तिचे ओठ हललेले बघून तो वळला. "आं?"

समोरून गुंडा माळ्याची गाडी येत होती. ज्योतिबाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हटलं असतं तर ते गुंडालाही ऐकू गेलं असतं. गाडी निघून जाईपर्यंत ती थांबली. गाडी गेली, धूळ बसली, आणि बोलायचं बळही गेलं.

"पाय दुखत्यात म्हणलं," ती त्याच्या उजव्या कानाशी ओरडली.

"मग हळू चल की," ज्योतिबा म्हणाला आणि त्यानं आपली चाल कमी केली.

लग्न मोडलं नाही, फक्त लांबलं. पंधरा दिवसांत चौगुल्यांचं माजघर पाडलं. सातही तुळया उतरवल्या. चांगल्या सहा कुणीतरी गोठ्याला नेल्या. सातवी प्रभावतीवैनीनं बांधाला, जुन्या तिसरीच्या शेजारी, टेकून ठेवायला लावली. सांगलीहून सिमेंटचं मिक्सर आलं. दिवसभर त्याची घरघर गावात घुमायची. बनाबाईला ती चुलीपुढं बसून ऐकू यायची. ज्योतिबा सोप्यात बसलेला असायचा, त्याला नाही. त्याच्याकडं आता खाटेचा पायही कुणी आणत नव्हतं. पूर्वी थट्टा करणारे आता त्याच्यापाशी येऊन उगाच मोठमोठ्यानं बोलायचे. त्यात काळजी होती का करमणूक, हे सांगणं अवघड होतं.

एक दिवस कलत्या उन्हात तो उठला. हत्यारांना तेल लावून झालं होतं. वाकस हातात होता म्हणून की काय, जाता जाता त्यानं आपल्याच घराच्या मधल्या खांबाला, मेढीला, त्याच्या पाठीनं एक ठोका दिला. मेढ बापानं उभी केलेली. घराचा सगळा भार तिच्यावर.

बनाबाई पीठ चाळत होती. तिची चाळण थांबली.

ज्योतिबानं थोडं खाली वाकून दुसरा ठोका दिला.

बद्द.

तिनं हात झटकले, उभी राहिली आणि पदर कमरेला खोचला. चांगला आवळून खोचला. मग ती तशीच उभी राहिली, त्यानं बघावं म्हणून.

ज्योतिबानं तिच्याकडं बघितलं नाही. बघायची सवयच त्यानं सोडली होती. त्यानं तळहात मेढीवर ठेवला, वाकस खुंटीला अडकवला आणि मेढीला पाठ टेकून खाली बसला.

"हाताला तर बरी लागली," तो स्वतःशीच बोलावं तसं पण मोठ्यानं म्हणाला. "आता तुलाबी कळायचं न्हाई, मलाबी न्हाई. चांगलीच असंल. बानं घातलीया."

ती बद्द वाजते, असं सांगायला एक शब्द पुरे होता. पण तो शब्द ज्या कानानं ऐकला तो कान शाबूत आहे, हेही त्याला त्याच शब्दात कळलं असतं. मग सातवी तुळई आली असती, चिंचेखालची भाकरी आली असती, माजघरातल्या टाळ्या आल्या असत्या. बनाबाईनं खोचलेला पदर हळूहळू सोडला.

"व्हय," ती त्याला ऐकू जाईल अशी ओरडली. "चांगली हाय." आणि थोड्या वेळानं पुन्हा, "तिथं गारठा लागतोय. दाराकडं सरका जरा."

ज्योतिबा तक्रार न करता उठला आणि दाराकडं जाऊन बसला. कोपऱ्यातली अंथरुणाची वळकटीही तिनं उचलली आणि त्याच्या शेजारी, मेढीपासून लांब, नेऊन ठेवली.